सरांच्या दोन ट्रंका, अकरा वह्या आणि 'तिसरी उशिरा का उठते?'

चाळवाली

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. आता घराला रंग लागायची तारीख ठरली आहे, म्हणून लिहितेच.

आमचे सर गेल्या भाद्रपदात गेले. वय ८३. नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतील. दिवसभर गोदीत कारकुनी आणि संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. पोरवयात अंधेरीच्या लिटल बॅले ट्रूपचं कठपुतळ्यांसारखं नाचणारं 'रामायण' पाहिलं आणि तिथून डोकं फिरलं, असं स्वतःच सांगायचे. तीस वर्षांत त्यांनी चौदा नृत्यनाटिका बसवल्या. आम्ही मुली आधी पायात चाळ बांधायला शिकलो, मग चालायला शिकलो, कारण त्यांना साधं चालणंच पसंत पडायचं नाही.

काकूंनी फोन केला, "हे घेऊन जा बाई. मुलगा घर रंगवतोय, नाहीतर रद्दीवाला नेईल." गेले तर दोन पत्र्याच्या ट्रंका. एकीत मुखवटे (अर्धे उंदरांनी खाल्लेले), तीन व्हीएचएस कॅसेटी आणि एक इरलं (पावसात शेतकरी डोक्या-पाठीवर घेतात ते). हो, खरंखुरं, बांबूचं. दुसरीत अकरा वह्या. प्रत्येक पानावर माणसं: डोक्याला टिंब, हातापायांना रेघा, सरकायची दिशा लाल पेन्सिलीच्या बाणाने. खाली मात्रा आणि कडेला सरांचे शेरे. एका ठिकाणी लिहिलंय, "इथे घाई नको. पाऊस अजून यायचाय." ते वाचून मी ट्रंकेवरच बसून राहिले.

आता भांडणाचं. भातलावणीवरची नृत्यनाटिका सरांची सगळ्यांत गाजलेली. इरली घातलेल्या आठ बायका ओळीत, कमरेतून वाकून, मागे मागे सरकत रोपं लावतात. आठ मात्रा लावणी, मग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कंबर सरळ. सध्या तीन गट ती करतात, ठाण्यात, विरारला आणि पुण्यात. तिघांचा आधार एकच, १९९१ च्या प्रयोगाची कॅसेट. त्या कॅसेटमध्ये तिसरी बाई दोन मात्रा उशिरा उठते. ठाणेकर म्हणतात ती चूक होती, आम्ही सुधारली. पुणेकर म्हणतात तोच सरांचा स्पर्श, आणि त्यांची तिसरी अशी काही झोकात उशिरा उठते की तिला टाळ्या पडतात. विरारकरांनी तर वहीत त्या जागी लिहिलेलं 'कानात' हे वाचलं (सरांनी कधीतरी झेरॉक्स दिली होती) आणि आठही जणींना मोठाल्या कुड्या घेतल्या.

वर एका गटाने पत्रिकेवर 'नृत्यदिग्दर्शन' म्हणून स्वतःचंच नाव छापलंय. आणि एक मंडळ म्हणतंय की नाटिका आमच्यासाठी बसवली, पैसे आम्ही दिले, हक्क आमचा.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. आधी काय वाचवू? हे कोणाचं आहे? आणि 'खरी' भातलावणी कोणती?

फीतदुरुस्ती

बाकीचं जाणकार सांगतील. कॅसेट प्लेयरमध्ये घालू नका. आधी झडप उघडून फितीच्या कडा उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. एकदा चालवलीत की ती प्लेयरच्या हेडवर जाते आणि तिथून बाकीच्या दोन्ही कॅसेटींवर. कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या नाही. नवे व्हीएचएस प्लेयर बनणं २०१६ सालीच थांबलं, त्यामुळे काम करणारं जुनं यंत्र आणि ते चालवणारा हात, दोन्ही कमी होत चाललेत. मूळ फीत साफ करून एकदाच चालवायची आणि तेव्हाच उत्तम प्रत काढायची. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.

वह्यांचे फोटो आजच काढा. रंगारी येण्याआधी.

गिरगावकर_जुना

चाळवालीताई, डोळ्यात पाणी आणलंत. मी हा प्रयोग पाहिलाय, १९९४ च्या गणपतीत. पण एक सांगतो, रागावू नका. उशिरा उठली ती तिसरी नव्हती, कडेची होती. अगदी उजवीकडची. मी तिच्या बाजूलाच सतरंजीवर बसलो होतो, आणि आमची ही म्हणाली होती, "हिची कंबर धरली वाटतं." पैज लावतो.

चाळवाली

@गिरगावकर_जुना: काका, कॅसेटमध्ये स्वच्छ तिसरी दिसते. तीस वर्षांपूर्वीचं आहे, गल्लत होत असेल.

@फीतदुरुस्ती: झडप उघडली. जाळं आहे. :( हात लावत नाही आता.

कागदपत्री

कोर्टात रोज उभा राहतो, पण कॉपीराइट हे माझं रोजचं काम नाही. तेव्हा याला सल्ला समजू नका, दिशा समजा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना 'नाट्यकृती'च्या व्याख्येत बसवलेली आहे. अट अशी, की ती लिहून किंवा अन्य रीतीने पक्की केलेली हवी. शिवाय त्याच व्याख्येतून चित्रपट वगळलेला आहे. म्हणून नुसत्या चित्रीकरणाच्या बळावर नृत्यरचनेचा हक्क सांगायला गेलं की वकिलांचं फावतं. तुमच्याकडे टिंब-रेघांच्या अकरा वह्या आहेत. तो तुमचा सातबारा आहे, जपा. नोंदणी सक्तीची नाही.

मुदत: कर्त्याचं आयुष्य आणि पुढे साठ वर्षं.

मालक कोण? मृत्युपत्र नसेल तर काकू आणि मुलं. शिष्य नाहीत, कितीही जवळचे असले तरी. मंडळाने मानधन दिलं म्हणून मंडळ मालक होत नाही. सर त्यांच्याकडे पगारी नोकर असते आणि ते नोकरीचं काम असतं तर गोष्ट वेगळी. इथे नोकरी गोदीची होती, आणि गोदीने काही भातलावणीवर हक्क सांगितलेला दिसत नाही. ;) तरी मंडळाशी कधी काही लिहून दिलं होतं का, ते वह्यांतल्या सुट्या कागदांत बघा.

पत्रिकेवरच्या नावाचं: कर्ता म्हणून नाव लागण्याचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलाय, तो वारसांना चालवता येतो. पण लगेच नोटीस पाठवू नका. काकूंच्या सहीचं साधं पत्र द्या: 'मूळ नृत्यरचना' म्हणून सरांचं नाव, 'पुनर्बांधणी' म्हणून तुमचं. बहुतेक लोक एवढ्यावर ऐकतात.

आणि गाण्यांचे हक्क निराळे. कवी, संगीतकार, गायक, प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. लोक नाचाचं सगळं निस्तरतात आणि ध्वनिफितीवर अडकतात.

उडुपीचा_जावई

कागदपत्री साहेबांनी 'पगारी नोकर' म्हटलं म्हणून लिहितो. आमच्या सासुरवाडीकडचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलंय.

शिवराम कारंत. कन्नडमधले मोठे कादंबरीकार म्हणून आपल्याकडे माहीत असतात, पण तिकडे यक्षगानातला, म्हणजे तिकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्यातला, माणूस म्हणूनही तेवढेच मोठे. पारंपरिक यक्षगान रात्रभर चालणारं. कारंतांनी त्यातून आटोपशीर, बॅलेच्या वळणाचा प्रयोग घडवला, सात प्रसंग बसवले: भीष्मविजय, नलदमयंती, पंचवटी वगैरे. १९९४ च्या जूनमध्ये मृत्युपत्र केलं आणि आपल्या कृतींचे हक्क मालिनी मल्ल्या यांच्या नावे केले. डिसेंबर १९९७ मध्ये ते गेले. २००१ साली मणिपालच्या अॅकॅडमी ऑफ जनरल एज्युकेशनने दिल्लीत 'अभिमन्यू वध'चा प्रयोग केला आणि मल्ल्याबाई कोर्टात गेल्या. अॅकॅडमीचं म्हणणं काय, तर कारंत आमच्या यक्षगान केंद्राचे संचालक होते, हे सगळं आमच्याकडेच घडलं. तुमच्या मंडळाचंच म्हणणं, जरा मोठ्या आवाजात.

निकाल २००९ च्या जानेवारीत लागला, मल्ल्याबाईंच्या बाजूने. गंमत पुढे आहे. हायकोर्टाने कृतीला साहित्यकृती धरलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नृत्याच्या अंगाने ही नाट्यकृती. आणि मृत्युपत्रातला जो भाग पुस्तकांबद्दल होता त्यात ती बसत नाही, पण 'उरलेलं सगळं यांना' असं जे शेवटचं कलम होतं त्यात बसते. म्हणजे एवढा शब्दप्रभू माणूस, आणि त्याचा नाच वाचला तो 'उरलेल्या'त. शिक्षणासाठी वगैरे कायद्यात ज्या सवलती आहेत त्या अॅकॅडमीलाही आहेत, एवढी खिडकी कोर्टाने उघडी ठेवली.

जर्सीतली_भाकरी

एरवी रोमात असते (नुसती वाचते, लिहीत नाही), पण आज राहवलं नाही.

३१ डिसेंबर २०११ ला मी न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यू आर्मरीत होते. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या कंपनीचा अखेरचा प्रयोग. प्रचंड हॉल, तीन रंगमंच, तिन्हीवर एकाच वेळी नाच, आणि प्रेक्षक मधून फिरतायत. एकीकडे बघावं तर दुसरीकडचं सुटतं. प्रयोग संपला आणि कंपनीही संपली. भांडणं झाली किंवा पैसे संपले म्हणून नाही. ठरवून.

कनिंगहॅम २००९ साली नव्वदाव्या वर्षी गेले, तारीख २६ जुलै. (मुंबईकराला २६ जुलै म्हटलं की दुसरंच आठवतं, त्याकडे येतेच.) जाण्याच्या महिनाभर आधी त्यांच्या संस्थेने पुढची सगळी आखणी जाहीर केली होती: माझ्यानंतर दोन वर्षं शेवटचा दौरा, मग कंपनी बंद, नर्तकांना नवं आयुष्य सुरू करायला पैसे, आणि रचनांचे हक्क २००० सालीच काढून ठेवलेल्या ट्रस्टकडे. नाचांच्या ८६ 'कॅप्सूल' केल्या. कॅप्सूल म्हणजे एका नाचाचं एकत्र बांधलेलं गाठोडं: चित्रफिती, त्यांच्या हातच्या नोंदी, ध्वनी, प्रकाशयोजना, पोशाखांचा तपशील. ज्याला तो नाच बसवायचाय त्याने ट्रस्टकडे मागायचा, आणि शिकवायला कंपनीतला जुना नर्तक येतो. हे शेवटचं महत्त्वाचं. गाठोडं एकटं कुणी कुणाला देत नाही.

त्यांच्या नाचात संगीत आणि हालचाली वेगवेगळ्या तयार व्हायच्या, नर्तकांना संगीत कित्येकदा पहिल्या प्रयोगालाच ऐकू यायचं. कुठली हालचाल कधी, हे नाणं उडवूनही ठरवत. सुरावटीचा आधारच नाही, तर आठवायचं कशावर? म्हणून नोंदी.

उलटा दाखला मार्था ग्रॅहम यांचा, त्याही तिथल्याच मोठ्या नर्तिका आणि नृत्यरचनाकार. १९९१ साली गेल्या, सगळं एका मित्राच्या नावे ठेवून. त्याचं आणि त्यांच्याच संस्थेचं जुंपलं, २००० साली कंपनीचे प्रयोग थांबले. २००२ मध्ये कोर्टाने सत्तर नाच एकेक करून तपासले: ४५ संस्थेचे, कारण बाई तिथे नोकरीत होत्या. १० कुणाचेच नाहीत, मुदत संपलेली. ५ ज्यांनी करवून घेतले त्यांचे. ९ कुणालाच सिद्ध करता आले नाहीत. आणि त्या मित्राच्या वाट्याला किती? एक! स्वतःच्या नाचांची मालकी आपल्याकडे नाही हे बाईंच्या कधी ध्यानातही आलं नसावं, असं मला वाटतं.

आता २६ जुलै. ग्रॅहम कंपनी २०१२ साली नव्या जागेत गेली, नेमकी कनिंगहॅम यांची रिकामी झालेली जागा. त्याच ऑक्टोबरात सँडी वादळ आलं, तळघरात पाणी शिरलं आणि दशकांचे पोशाख आणि नेपथ्य भिजलं. चाळवालीताई, ट्रंका तळमजल्यावर ठेवू नका हो.

शंकासुर

मी वाकडाच विचार करणार, नावच तसं आहे.

हा सगळा आटापिटा कशासाठी? नाच हवेत काढलेली रेघ आहे. सर गेले, नाच गेला. आमच्या दशावतारात कोण कॅप्सूल करत बसलंय? रात्री संकासूर येतो, त्याच्या मनाला येईल ते बोलतो, सकाळी झोपतो. चारशे प्रयोग झाले तर चारशे वेगळे. तुमच्या त्या कनिंगहॅमनेही कंपनी बंदच केली की! तिन्ही गटांना नाचू द्या तीन प्रकारे. कुड्या घालून नाचल्या तर आभाळ कोसळलं का?

तिहाई

@शंकासुर: त्यांनी कंपनी बंद केली, नाच नाही. दोन्हींत फरक आहे.

आणि दशावतारात संहिता बांधलेली नसली तरी संकासूर कसा चालतो, कसा बोलतो, हे बघत बघत चार पोरं वाढतात, म्हणून ते टिकतं. सरांच्या बाबतीत ती साखळी तुटायला आली आहे. आज बघायचंय ते एका बुरशी लागलेल्या कॅसेटमध्ये.

मी कथकवाली, पुण्यात वाढलेली. आमच्याकडे पढंत असते, बोल तोंडाने म्हणायचे, त्यामुळे तुकड्याचा सांगाडा पाठ राहतो. पण त्यात हाताची उंची नसते, नजर नसते, थांबणं नसतं. कथकच्या गुरू रोहिणीताई भाट्यांचं मोठेपण मला यातही वाटतं, की त्या नाचल्या, शिकवलं आणि लिहिलंही. 'माझी नृत्यसाधना' वाचताना एखादी गोष्ट तशीच का केली हे कळतं. कशी केली, हे वर्गात कळतं.

नुसते शब्द राहिले तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांच्या नावावर मराठी 'निरूपणं' आहेत. एका कथानकावर रचलेली अठरा नृत्यबंधांची मालिका, दाक्षिणात्य नृत्यासाठी, पण शब्द मराठी! सरस्वती महालच्या ग्रंथालयामुळे शब्द वाचले. नाच मात्र गेला होता. नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमार, आपल्या मालवणचे, त्यांनी विसाव्या शतकात ती पुन्हा नाचती केली, आणि भरतनाट्यमच्या सुचेताताई चापेकर त्यांच्याच शिष्या. फार मोठं काम. पण ते नाच पार्वतीकुमारांचे म्हणायचे. सरफोजींच्या दरबारात ती बाई मान कुठे वळवत होती, ते आता कुणीही सांगू शकत नाही.

लिटल बॅले ट्रूपचंच बघा. ते काढणारे शांती बर्धन १९५४ मध्ये गेले, 'पंचतंत्र' अर्धवट टाकून. ते सहकाऱ्यांनी पुरं केलं, आणि त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी पुढे पन्नासहून अधिक वर्षं ते सगळं अंगावर वाहून नेलं, अंधेरीहून ग्वाल्हेर, मग भोपाळ. त्यांच्याकडे काही वह्या असतीलही, पण कठपुतळीसारखी मान कशी लटकवायची हे दाखवायला माणूस हजर होता.

म्हणून चाळवाली, वह्या स्कॅन होतीलच. आधी त्या आठ जणींना शोध.

कागदपत्री

तिहाई +१. फक्त भरच घालतो. न्यूयॉर्कचे बॅले-रचनाकार जॉर्ज बॅलन्शीन यांनी मृत्युपत्रात आपले बॅले संस्थेला न देता डझनभर-दीड डझन माणसांना वाटले, ज्यात कित्येक नर्तिकाच होत्या. पुढे १९८७ मध्ये त्यातल्या बऱ्याच जणांनी एकत्र येऊन ट्रस्ट काढला, म्हणजे परवानगीला एकच दार. काकूंना पटलं तर असंच काही छोटं करता येईल. चार माणसं, एक बँक खातं, एक पत्ता.

शंकासुर

माघार घेत नाही, पण आठ जणी सापडल्या तर मलाही कळवा. कुतूहल आहे.

चाळवाली

तीन आठवड्यांनी येतेय, क्षमा असावी.

कॅसेट एका जाणत्या हाताकडे दिली (फीतदुरुस्ती, खाजगी निरोपाबद्दल आभार). ट्रंका माझ्या माळ्यावर, तिसऱ्या मजल्यावर. पत्रिकेवर नाव छापणाऱ्या गटाला काकूंचं पत्र गेलं, पुढच्या पत्रिकेत सरांचं नाव आलं. मंडळ अजून गुरगुरतंय. सुट्या कागदांत त्यांचं काहीच लिहून घेतलेलं सापडलं नाही, सापडली ती फक्त हार्मोनियमच्या भाड्याची पावती.

आठांपैकी दोघी देवाघरी. एक कॅनडात. पण 'तिसरी' सापडली! कल्याणला असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन नातवंडं. काल गेले होते.

मी फोनवर कॅसेटची जुनी प्रत दाखवली. त्या बघतच राहिल्या, मग हसायला लागल्या. म्हणाल्या, "हे माझं इरलं अडकलं नव्हतं गं. ते १९८९ ला अडकलं होतं, तेही माझं नाही, पाचवीचं." झालं असं होतं की १९८९ च्या एका प्रयोगात दोघींची इरली एकमेकींत अडकली आणि पाचवी उशिरा उठली. प्रयोगानंतर ती रडायला लागली, तर सर म्हणाले, "रडतेस काय? एकदम उठता तेव्हा कवायत वाटते. शेतात असं कोण उठतं?" आणि त्या दिवसापासून दर प्रयोगाला एक जण उशिरा उठायची. कोण, ते आधी ठरलेलं नसायचं. पडदा वर जायच्या आधी सर विंगेत यायचे आणि एकीला सांगायचे. फक्त तिलाच. बाकीच्या सातजणींना ठाऊक नसायचं, त्यामुळे ती उठली नाही की शेजारणी खरंच तिच्याकडे बघायच्या.

सांगायचे कुठे? कानात.

गिरगावकर काका, तुम्ही पैज जिंकलात. १९९४ ला कडेचीच होती, बाईंनी नावासकट सांगितलं. विरारकरांना कुड्यांचं मी कळवलंय, अजून उत्तर नाही.

मग त्यांना म्हटलं, लावणीचं पाऊल दाखवाल का? गुडघ्यामुळे नको म्हणाल्या. चहा टाकायला आत गेल्या, मी मागोमाग. ओट्यावर कोथिंबिरीची जुडी पडली होती ती त्यांनी डाव्या हातात घेतली, रोपांच्या मुठीसारखी, आणि वाकल्या. उजव्या हाताने एकेक काडी काढून फरशीवर टेकवत, टाच आधी मग चवडा, मागे मागे. आम्ही इतकी वर्षं चवडा आधी टाकत होतो! चिखलात चवडा आधी टाकलास तर पाय रुततो, सर सांगायचे, असं वाकूनच म्हणाल्या. सून मोबाइलवर चित्रण करत होती. सातव्या पावलाला त्यांची पाठ फ्रिजला लागली.

"अजून नऊ आहेत," म्हणाल्या, "इथे मावत नाहीत."

येत्या रविवारी त्यांच्या सोसायटीचा हॉल सकाळी दोन तास मिळतोय. कॅमेरा आहे, तिपाई नाही. पायापासून डोक्यापर्यंत सगळं यायला हवंय, हात थरथरून चालणार नाही. कल्याण-डोंबिवलीत कोणाकडे असेल तर सांगा.

शंकासुर

तिपाई आहे. डोंबिवली पूर्व. किती वाजता?